घोड्यावर बसवलेला दादा

माझ्या वयाच्या बायका चारधामला जातात, लेकाकडं दुबईला जातात आणि आल्यावर पानंच्या पानं लिहून काढतात. मी गेले होते संभाजीनगरहून पैठणला. एसटीनं दीड-दोन तासांची वाट, त्यात काय लिहायचं, असं सून म्हणाली. तिचं खरं आहे. लग्न झाल्यापासून मी ह्या वाटेनं जाते-येते, वाटेतला एकेक फाटा मला झोपेत सांगता येईल. पण ह्या होळीला गेले तशी मी कधी गेले नव्हते. ह्या खेपेला माझ्या पिशवीत माझा भाऊ होता.

घाबरू नका, नीट सांगते.

माझा दादा, किसन त्याचं नाव, विमानदलात होता. बॉम्ब टाकणाऱ्या विमानात. विमान चालवणारा तो नव्हे. विमानाच्या नाकात पालथं पडून, नकाशा बघून वाट सांगणारा आणि बॉम्ब कुठं सोडायचा ते बघणारा. दोघंच असायची त्या विमानात. एकाहत्तरच्या लढाईत एका रात्री ते विमान गेलं ते परत आलं नाही. विमान सापडलं नाही, माणसं सापडली नाहीत. तार आली, बेपत्ता म्हणून. पुढं सरकारनं कागदावर जे करायचं ते केलं. घरानं केलं नाही. तार वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना आईनं एकच विचारलं, "कुणी बघितलं का त्याला मेलेलं?" मास्तर म्हणाले, "नाही." "मंग झालं तर," असं म्हणून आई भाकरी थापायला बसली.

आमचं घर मेंढरं राखणारं. त्या घरातलं पोरगं शहरात वसतिगृहात राहून शिकलं, कॉलेजात कवायत केली आणि थेट विमानात गेलं, तेव्हा गावातले म्हणायचे, "मेंढक्याचं पोरगं आता ढगं वळायला चाललंय." दादा सुटीवर आला की त्याच्या तोंडावर म्हणायचे. तोही हसायचा. "ढगं बरी, चारा मागत नायत."

आता रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घराण्यात कुणी पुरुष लढाईत किंवा अवेळी गेला की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे दोन बोटं रुंदीचा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला वीर उठवलेला. धुळवडीच्या दिवशी तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, हलगी लावून गोदावरीवर न्यायचा, न्हाऊ घालायचा. आणि घरच्या बाईनं, बायको असली तर बायकोनंच, पाण्यात उभं राहून त्याला नावानं हाक मारायची. हाक मारली की तो आला. मग तो देव्हाऱ्यात बसतो. आणि बायको कुंकू पुसते.

म्हणजे टाक झाला, की माणूस मेला. म्हणूनच दादाचा टाक आजवर झाला नव्हता.

आमचे कुळाचे देव थोरल्या भावाच्या मुलाकडं, बाळूकडं आहेत. तो चितेगावला राहतो, तिथंच कंपनीत आहे. त्याच्या लेकीचं लग्न दोनदा ठरून मोडलं. कुणीतरी त्याच्या मनात भरवलं की घरातला वीर बाहेर भटकतोय, त्याला आत घ्या. फोन करून म्हणाला, "आत्या, तुम्हीच टाक करून आणा, नि काकूलाबी तुम्हीच सांगा. माझं तोंड उघडत नाय तिच्याम्होरं."

लग्न मोडण्याचा दोष दादावर घालणं मला पटलं नाही. पण मीही आता किती दिवसांची? मी गेले की दादाला बघितलेलं माणूस कोण उरतं? एक वहिनी, दादाची बायको. म्हटलं, कुठंतरी बसू दे त्याला. अधांतरी किती वर्षं राहायचं माणसानं.

प्रश्न वहिनीचाच होता. दादा गेला तेव्हा तिच्या लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. पुढं धरण झालं, आमचं गाव पाण्याखाली गेलं, सगळे उठून नव्या वस्तीत आले. आई मरताना वहिनीला म्हणाली, "सरू, तू पाण्याकाठीच राहा. किसन आला तर गाव कुठं गेलं ते त्याला कोण सांगंल?" वहिनी राहिली. आजवर राहिली, एकटी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. दुष्काळाच्या साली पाणी लांब हटायचं, जुन्या गावाची जोती उघडी पडायची. सगळा मुलूख पाण्यासाठी रडायचा आणि वहिनी गाळ तुडवत जाऊन आमच्या घराच्या जोत्यावर बसायची. लोक म्हणायचे, नवऱ्याची वाट बघती.

मला त्या वाट बघण्याचा आधार होता. जगात एक माणूस तरी दादा येणार म्हणून बसलंय, ह्यावर मी माझी वर्षं काढली. आणि आता मीच जाऊन तिला सांगणार होते, बाई, पूस.

सराफा

सराफ्यातला सोनार आमच्या ओळखीचा. त्याच्या बापानं माझं मंगळसूत्र ओवलं होतं. टाक करायचा म्हटल्यावर त्यानं एक लाकडी खोकं काढलं, त्यात पितळी ठसे. खंडोबा, भवानी, आणि एका कोपऱ्यात वीर. घोडा, वर तलवार घेतलेला पागोटंवाला.

मी म्हटलं, "माझा भाऊ विमानात होता रे."

"विमानात म्हणजे? पायलट?"

"नाही. पायलटला वाट सांगणारा."

त्यानं चष्मा वर केला. "आजी, मग तर घोड्यावर दोघं बसवावे लागतील. एक हाकणारा, एक वाट सांगणारा."

"घोडा नको ना. विमान काढ."

"काढलं असतं. पण देव्हाऱ्यात ठेवल्यावर तुमची नातवंडं खेळायला घेतील. लोक म्हणतील खेळणं ठेवलंय." मग माझं तोंड बघून तो जरा नरमला. "असं करू का, घोड्याला पंख काढू?"

खोटं कशाला बोलू, मी विचार केला पंखांचा. पंखांचा घोडा, वर तलवार घेतलेला दादा. हसू आलं नि लगेच डोळ्यांत पाणी आलं. दादाला तलवार कुणी दाखवलीही नव्हती. त्याच्या हातात पेन्सिल असायची. सुटीवर आला होता तेव्हा मी विचारलं होतं, दादा, वरून गावं कशी दिसतात? म्हणाला, "रात्री दिवे घालवून ठेवतात सगळे. काळंच दिसतं. गाव हाय का रान, ते मी नकाशावर बोट ठेवून सांगतो." मग हातातली पेन्सिल नुसती फिरवत राहिला. खाली कोण होतं ते त्यालाही दिसत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी शाळकरी पोर.

"साधाच घोडा कर," मी म्हटलं.

"चेहरा जरा तसा उठवता येईल. फोटो आहे?"

फोटो एकच, तो वहिनीकडं, नि तिला अजून काही सांगितलं नव्हतं. पण तो जिथं काढला ते दुकान मला ठाऊक होतं.

छावणी

छावणीच्या बाजारात मी भाजीला जाते, पण त्या गल्लीत कित्येक वर्षांत वळले नव्हते. दादा नव्या वर्दीत त्या स्टुडिओत बसला होता नि मी बाहेर बाकावर, बर्फाचा गोळा खात. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. मालक त्याच फोटोवाल्याचा मुलगा निघाला, पांढऱ्या दाढीचा. मी सगळं सांगितलं. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"अम्मा, निगेटिव तो अब्बा गए तबीच गए. पूरी कोठरी भरी थी. पानी घुसा, सब चिपक गए एक में एक." मग मराठीत म्हणाला, "किती फौजी लोकांचे होते. कुणाचं तोंड कुणाला चिकटलेलं. फेकून दिले."

"सगळे?"

"सब के सब." चहा आला तसा त्यानं बशीत ओतून मला दिला. "तुमचा भाऊ परत नाही आला ना? मग त्याचा निगेटिव अब्बांनी फेकलाच नसता, जिंदा असते तर. ते असल्यांचे बाजूला ठेवायचे. मला कुठं ठाऊक, कोण आलं, कोण नाही."

त्याला कशाला बोल लावायचा. चहा चांगला होता, वेलची घातलेला. मी उठून आले. सोनाराला सांगितलं, ठशातलाच चेहरा राहू दे. म्हणजे तो टाक दादाचा असा काही नव्हता. कुणाच्याही भावाचा झाला असता.

चितेगावच्या वाटेवर

होळीच्या सकाळी एसटी पकडली. गर्दी मरणाची. टाक मी रुमालात बांधून पिशवीत ठेवला होता, पण खिडकीशी जागा मिळाल्यावर बघावंसं वाटलं. बाहेर काढला, तोच ड्रायव्हरनं गचकन ब्रेक मारला. मोठा रस्ता व्हायचाय तिथं, अख्खी वाट खोदून ठेवली आहे. टाक उडाला नि गेला सीटखाली.

मी खाली वाकले. तिथं पिशव्या, कोंबड्यांची पाटी, लोकांच्या चपला. हाताला काही लागेना. माझा जीव असा झाला म्हणता! मी ओरडायलाच लागले.

"काय हरवलं वो मावशी?" शेजारच्या बाईनं विचारलं.

माझ्या तोंडून गेलं, "माझा भाऊ."

"भाऊ?" ती उभीच राहिली. "कुठं उतरला? अवो कंडक्टर, थांबवा, ह्यांचा भाऊ ऱ्हायला मागं!"

कंडक्टर घंटी वाजवून आला. "कुठं ऱ्हायला? नाव काय?"

"खाली आहे," मी म्हटलं. "सीटखाली."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, मग त्या बाईकडं. मागून एक जण म्हणाला, "ताडी पिऊन झोपला आसंल, होळी हाय आज." सगळी गाडी हसली. मीही हसले, काय करू? मग टाक म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. आपापले पाय वर घेऊन अख्खी एसटी माझ्या भावाला शोधायला लागली. कोंबड्यांच्या पाटीखाली सापडला. ज्या म्हाताऱ्याची ती पाटी, त्यानं धोतराला पुसून दिला. "वीर हाय का? कोणत्या लढाईतला?" मी सांगितलं. "एवढा उशीर केला बसवायला?" असं म्हणाला नि मग उतरेपर्यंत माझ्याशी बोललाच नाही.

बाळू फाट्यावर जीप घेऊन उभा होता. त्याच्या घरी जेवले. बाळूच्या बायकोनं येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी नि भात केला होता. शहरात माझ्या घरी येसर आता कुणाला आवडत नाही, वास येतो म्हणतात. मी दोनदा मागून घेतली. बाळू तेवढ्यात टाक उलटसुलट करून बघत होता. त्यानं काकाला कधी बघितलंच नाही, तो नंतर जन्मला.

"असंच दिसायचे का काका?"

"नाही रे," मी म्हटलं.

पाण्याकाठी

वहिनीचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पुढं नाथसागराचं पाणी, ह्या साली भरपूर, पार दूरवर. जुनं गाव कुठंतरी त्याच्या आत. पाणी जिथून मागं सरकतं त्या ओल्या जमिनीत लोकांनी टरबुजं लावलेली. बाळू जीप लावून त्या टरबुजवाल्यांकडंच निघून गेला. मुद्दाम गेला, मला ठाऊक आहे.

वहिनी पोळ्या लाटत होती. "या वन्सं. पाय धुवा. पुरण बघा बरं, गोडाला कमी हाय का." माझ्याहून ती मोठी, पण नवऱ्याची बहीण म्हणून अजून मला अहो-जाहो करते.

मी पुरण चाखलं, बरोबर आहे म्हटलं. मग पाटावर बसले. काय काय बोलायचं ते मी मनात जुळवून आणलं होतं. वहिनी, तुझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. वहिनी, तो येईलही, पण. असं बरंच. त्यातलं एकही बाहेर येईना.

"वैनी, बाळूनं टाक करायला सांगितला होता."

लाटणं थांबलं नाही. "केला का?"

"केला."

"बघू."

पिठाच्या हातानंच तिनं तो घेतला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरला. "घोड्यावर कोण हाय?"

"दादा."

"आगं बाई!" ती हसली. "त्यांना घोडं कुठं येत व्हतं? वरातीत बसवलं तवा एका अंगानं माझ्या भावानं धरलं व्हतं नि दुसऱ्या अंगानं तुमच्या. घोडं हाललं की मुंडावळ्या धरायचे, लगाम सोडून." टाक तिनं परातीच्या कडेला ठेवला नि पुढचा उंडा घेतला. "उद्या सकाळीच निघायचं ना? मंग चार पोळ्या जास्तीच्या करते. बाळूला भूक निघत नाय."

मला वाटलं तिला कळलंच नाही. "वैनी, अगं, टाक नदीवर नेला की तुला हाक मारावी लागेल. कुंकू..."

"ठावं हाय की."

"तुझी हरकत नाही?"

"कशाची हरकत? ते गेलेत ते मला त्याच साली कळलं, वन्सं."

तव्यावरची पोळी उलटून ती सांगायला लागली.

"त्यांचा तो दोस्त आला व्हता ना, त्यांची ट्रंक घेऊन? पंजाबी का कोण. सासूबाई त्याला सारखं इचारत व्हत्या, किसन कवा येणार, कवा येणार. तो खाली मान घालून जेवला. जेवण झाल्यावर मी त्याच्या हातावर पाणी घातलं. येकदा वर बघितलं नाय त्यानं माझ्याकडं. ज्याचा दोस्त जित्ता हाय, तो दोस्ताच्या बायकोकडं बघतो, वन्सं. त्याच दिवशी मला कळलं."

"मग आजवर?"

"सासूबाई व्हत्या तवर त्यांच्यासाठी. मरताना म्हणल्या इथंच ऱ्हा. मरणाऱ्या माणसाला काय नाय म्हणायचं? व्हय म्हणले. त्या गेल्या, मला वाटलं आता सुटले. तर भाऊबीज आली नि तुम्ही दारात, ताट घेऊन."

तुम्हाला ठाऊक असेल, भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते. मी दर भाऊबीजेला वहिनीकडं जायचे. दादाचं घर ते, म्हणून तिथल्या अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळायचे.

"त्या साली ओवाळून झाल्यावर तुम्ही मला म्हणल्या, वैनी, पुढच्या टायमाला चंद्राला नको, दादालाच ओवाळीन. रडत नव्हत्या, हसून म्हणल्या. मंग मी काय बोलणार? म्हणलं, ह्या बाईला आस हाय, आपण कशाला मोडा. दरसाल तुम्ही याच्या. दरसाल मी कुंकू जरा ठळक लावायची."

मी तिला कसं सांगू की माझी आस केव्हाच संपली होती? मुलं मोठी झाली, हे गेले, त्यात कधी संपली ते माझं मलाही कळलं नव्हतं. तरी दर भाऊबीजेला मी एसटी पकडायचे, ते तिच्यासाठी. वहिनी वाट बघतेय, आपण नाही गेलो तर तिला काय वाटेल, म्हणून.

सांगितलं मी तिला. तव्यावर पोळी करपली, घरभर धूर झाला, तरी दोघींपैकी कुणी हलेना.

"आणि ते जोत्यावर जाऊन बसायचीस?" मी शेवटी विचारलं. "पाणी हटल्यावर?"

"त्यांच्यासाठी नव्हं वो. माझी चूल हाय तिथं. नवी नवरी व्हते, मी माझ्या हातानं घातलेली. माझा संसार तेवढाच झाला, त्या चुलीएवढा. ती बघायला जायची."

म्हणजे कुणीच नव्हतं. आई गेल्यापासून ह्या जगात दादाची वाट बघणारं एकही माणूस नव्हतं. मला वाटायचं ती आहे, तिला वाटायचं मी आहे. दिवा कुठंच लागलेला नव्हता नि आम्ही दोघी एकमेकींच्या दिव्याला आडोसा धरून बसलो होतो. मला वहिनीला समजवायची, धीर द्यायची तयारी होती. रडली तर पाठीवरून हात फिरवायची तयारी होती. ह्याची तयारी नव्हती.

बाळू टरबूज घेऊन आला. "झालं का बोलणं?" त्यानं भीतभीत विचारलं.

"झालं," वहिनी म्हणाली. "हात धू. जेवायला बस."

पैठण

धुळवडीला पैठणला जाणार असाल तर जुन्या साडीत जा. वेशीपासूनच पोरं रंगाची पिचकारी घेऊन उभी असतात, म्हातारं-कोतारं बघत नाहीत. आमची जीप निळी झाली, बाळूचा फेटा गुलाबी. वहिनीवर मात्र कुणी रंग टाकला नाही. हातात टाक बघितला की पोरं बाजूला व्हायची.

नदीला पाणी थोडंच, गुडघ्याएवढं. काठावर हलग्या कडकडत होत्या. दहाबारा घरांचे वीर आले होते. त्यांचे टाक झिजून गुळगुळीत झालेले, कोणत्या लढाईतले ते त्यांनाही ठाऊक नाही. घरचा पुरुष वाटी छातीशी धरून हलगीवर नाचतो, पोरं शिट्ट्या मारतात, बायका हसतात. त्यांचं मेलेलं इतकं जुनं आहे की त्याचा सण झालाय. आमचा टाक नवा कोरा, उन्हात चमकायचा. बाळूला नाचता येईना. दोन पावलं टाकली नि तो थांबला.

आम्ही पाण्यात उतरलो. बाळूनं टाक बुडवून काढला, हळद लावली. "काकू, मारा हाक. नावानं."

वहिनी उभी. ओठ हलले, आवाज नाही. मला वाटलं, लाजली. आमच्याकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तिनं तर लग्नातल्या उखाण्यानंतर कधीच घेतलं नसेल.

"आत्या, मंग तुम्ही मारा," बाळू म्हणाला.

मी तोंड उघडलं. तेव्हा लक्षात आलं. मी त्याला आयुष्यभर दादाच म्हटलं. बाळूला तो काका. वहिनीला 'ते'. किसन म्हणून हाक मारणारी आई होती, बाप होता, थोरला भाऊ होता, मास्तर होते, ढगं वळायला चालला म्हणणारे गाववाले होते. सगळे गेले. ज्यानं त्याला कधीतरी त्याच्या नावानं हाक मारली आहे, असं एकही माणूस आता जिवंत नव्हतं. मग तो कुणाच्या हाकेला येणार? आम्ही तिघं कोण त्याची?

हलग्या वाजतच होत्या. वहिनीनं पदर सावरला, पाण्याकडं बघितलं नि म्हणाली, "किसन."

दुकानात वस्तूचं नाव सांगतात तसं म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "किसन!" कुणी मान वळवून बघितलं नाही. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला.

"आला," बाळू घाईघाईनं म्हणाला आणि टाक वाटीत ठेवला.

वहिनीनं ओंजळभर पाणी घेऊन कपाळाला लावलं. मी तिचा हात धरला. "नको पुसू, वैनी. आता कुणी पुसत नाही. मी बघ, हे गेले तरी टिकली लावते. सून काढू देत नाही."

"तुमचं वायलं. तुम्ही आवडीनं लावता." हात सोडवून घेत ती म्हणाली, "मी लई वर्षं दुसऱ्यांसाठी लावलं. आता ऱ्हाऊ द्या मोकळं." कुंकू वर्षानुवर्षांचं. धुतलं तरी खाली कातडीवर काळसर वाटोळा डाग राहिला. तो निघणारा नव्हता.

परत निघालो. पोळ्या तशाच डब्यात राहिल्या, खायला कुणाला सुचलं नाही. वहिनीच्या वस्तीचा फाटा आला तसा बाळूनं जीप हळू केली. "काकू, घरी सोडू का?"

"नको. तिथं आता काय काम हाय माझं?"

बाळूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. जीप पुढं निघाली. थोडा वेळ गेला नि मागच्या सीटवरून मला हळू आवाज आला. "किसन." मला वाटलं ती टाकाशी बोलतेय, पण वाटी पुढं बाळूपाशी होती. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. "किसन. किसन." मध्येच जरा ओढून, "किसनाऽ." मध्येच रागावल्यासारखं, एखादा जेवायला उशीर करतो तेव्हा म्हणतात तसं, "ए किसन." बिडकीन गेलं तरी चालूच.

बाळू घाबरला. "काकू, बास की आता. झालं ना."

"थांब रे," वहिनी म्हणाली. "आजच तर घ्यायला मिळतंय."

मी तिच्या मांडीवर हात ठेवला. तिच्या जोडीनं आपणही एकदा म्हणावं असं मला वाटलं. ओठापर्यंत नाव आणलं, पण माझ्या तोंडून दादाच आलं.

चितेगावला बाळूच्या बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, टाक देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी बसवला. वहिनीनं बघितलं, हात जोडले. आतल्या खोलीत गादी घातली होती, तिच्यावर जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. मी निघताना हाक मारली तेव्हा जागी होती, पण वळली नाही.

आता ती चितेगावलाच आहे. बाळूची बायको फोनवर सांगते, काकूचा त्रास काहीच नाही. दिलं ते खातात, सांगितलं तिथं बसतात. नाव मात्र त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.